पिळपंखी

लुमाण्णा गुरवांनी गोठ्याच्या आढ्याखालून
गांधीलमाशी काढून दिली, काडेपेटीत.
"हिच्या पोटाला काय तरी चिकटलंय, बघ की."
चिकटलं नव्हतं. आतून डोकावत होतं:
दोन वळ्यांमधून तपकिरी डोकं,
मोहरीच्या टरफलाएवढं.
ही मादी. पाय नाहीत, पंख नाहीत,
जन्मभर परक्या पोटात बिऱ्हाड.
नर तेवढा उडतो, तोही काही तास,
पुढचे पंख झिजून नुसत्या गुठळ्या,
मागचे पिळलेल्या पदरासारखे.

जांबोटीहून परतीच्या बसमध्ये
काडेपेटी मांडीवर. प्रश्न जुनाच:
ही कुणाची? माश्यांची, की भुंग्यांची?

टिळकवाडीतल्या लॅबमध्ये आधी रांग लावायची.
अक्षराखाली अक्षर. जिथं नाही तिथं आडवी रेघ.
लुमाण्णांचं रेशनकार्ड आठवलं:
लुमण्णा, लुमाणा,
शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मण,
सातबाऱ्यावर लु आणि पुढं शाईचा डाग.
माणूस एकच, हे आपण ठरवतो
रेघा कुठं ठेवायच्या ते ठरवून.
इथं चुकलं की पुढचं सगळं
व्यवस्थित चुकतं.

पहिली रीत शेजार जोडते.
कोण कुणापासून किती लांब एवढंच विचारते,
चहा गार व्हायच्या आत झाड हातात.
दुसरी रीत काटकसरीची:
कमीत कमी बदल लागले ते झाड खरं.
माझ्या आईनं असंच घर चालवलं, म्हणून
तिच्यावर माझा उगीच विश्वास.
तिनं पिळपंखीला माशीशेजारी बसवलं,
शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा, ठाम.

हुक्केरी मॅडम फळ्यापाशी कन्नडमध्ये काही पुटपुटल्या,
मग माझ्याकडे वळून मराठीत:
"लांब फांद्या बघ."

आमच्या गल्लीत दोघं होते.
एक हलकर्णीचा, एक कणकुंबीचा.
पंधरा वर्षं पुण्याच्या कारखान्यांत, वेगवेगळ्या.
परत आले ते सारखेच: तीच रंगवलेली मिशी,
तीच हिंदीतली शिवी, तोच पाठदुखीचा पट्टा.
लोक विचारायचे, सख्खे की चुलत?
खूप बदललेली दोन माणसं
एकमेकांसारखी दिसू लागतात.
काटकसर तिथंच फसते.
फसते ती फसते, आणि पुरावा वाढवत जावा
तसतशी जास्त खात्रीनं फसते.

तिसरी रीत सावकाश.
ती आधी विचारते: बदल होतो कसा?
सगळ्या जागा एकाच वेगानं झिजतात का?
रात्रभर पंखा घरघरतो. दोनला वीज गेली,
इन्व्हर्टरनं कण्हत पहाटेपर्यंत ओढलं.
सकाळी पिळपंखी भुंग्यांकडे सरकलेली.
आकडा एकसष्ट.

चौथीला आधीच सांगावं लागतं तुम्हाला काय वाटतं.
मग ती लाखो पावलं भटकते,
सुरुवातीची फेकून देते,
दारू उतरल्यावरचीच साक्ष धरतो तसं.
तिचा आकडा नव्वदच्या वर.
मॅडम म्हणाल्या, हिचा आवाज नेहमीच मोठा.

मी तीन झाडं भिंतीला डकवली. शेजारजोडीचं नाही.
झाडू मारायला आलेल्या भरमव्वा थांबल्या,
बोटानं फांदी धरून खालपर्यंत गेल्या, म्हणाल्या,
"मुळं कुठायत?"
मुळासाठी बाहेरचा कुणी लागतो.
आम्ही चतुर घेतला होता.
दुसरा कुणी घेतला असता तर?
ते अजून चालवून बघितलेलं नाही.

शनिवारी पुन्हा जांबोटी.
लुमाण्णा गोठ्यात, हाताला शेण.
"मग? कुणाची निघाली?"
भुंग्यांची, मी म्हटलं. बहुतेक.
"बहुतेक म्हणजे?"
एकसष्ट कसं सांगायचं मला सुचेना.
त्यांनी हात धुतले, आढ्याकडे बघितलं.
पोळ्यावर आणखी एक होती,
पोट जड, उडताना डावीकडे कलणारी.
"हिच्यात बी असंल," म्हणाले,
आणि खिशातली काडेपेटी
बैलाच्या पाठीवर रिकामी करू लागले.